गारपिटीचा हिशेब

अर्धापूरच्या केळीबागांनी इसापूर धरणाच्या पाण्यावर अवर्षणाशी झुंज दिली; पण गारपिटीपुढे पाटाचे पाणी काय करणार? २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्याने हा प्रहार सोसला. पाने फाटतात, घड डागाळतात आणि वर्षभर गुंतविलेले भांडवल काही मिनिटांत मातीमोल होते. २०१५ मध्ये केंद्राने मदतीसाठी नुकसानीची अट ५० वरून ३३ टक्क्यांवर आणली, हे योग्यच झाले. परंतु मदत म्हणजे विमा नव्हे. फळपीक विम्यात गारपिटीसाठी वेगळा, जादा हप्ता भरावा लागतो. साहजिकच ज्याच्या गाठीशी पैसा नाही, तोच उघड्यावर राहतो. जोखीम सर्वांत वाटली गेली तरच तिचा भार हलका होतो. म्हणून गारपिटीचे संरक्षण मूळ विम्यातच अंतर्भूत झाले पाहिजे.