लोकपुरुषसाम्य : पाठांतरात आणि खरेदीत

लोक आणि पुरुष यांचे साम्य सांगणारा चरकसंहितेच्या शारीरस्थानातील पाचवा अध्याय आपल्यापैकी प्रत्येकाने परीक्षेसाठी केव्हा ना केव्हा पाठ केलेला आहे. पदवी हाती आल्यानंतर त्या अध्यायाचे काय होते, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांस तो अलीकडे वारंवार पडू लागला आहे. आणि त्याचे निमित्त आध्यात्मिक नसून सर्वस्वी कायदेशीर आहे.

जैविक विविधता कायदा २००२ साली झाला. वैद्य आणि हकीम यांना त्यात आरंभापासूनच सवलत होती; औषधनिर्मात्यांना ती नव्हती. २०१८ च्या डिसेंबरात उत्तराखंड उच्च न्यायालयाने दिव्य फार्मसीच्या प्रकरणात असा निर्णय दिला की, भारतीय उद्योगांनीही जैविक संपत्तीच्या व्यापारी वापराबद्दल लाभाचा न्याय्य वाटा दिला पाहिजे. पुढे २०२३ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली व १ एप्रिल २०२४ पासून ती अमलात आली. नोंदणीकृत आयुष व्यावसायिक, संहिताबद्ध पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना तीत मोकळीक मिळाली. आपल्या क्षेत्रात तिचे स्वागतच झाले. कागदपत्रांचा जाच कमी झाला याचा आनंद आम्हांलाही आहे. परंतु जेथे कायदा विचारीत नाही, तेथे आपणांस विचारणारे कोण उरले? आमच्या मते तो अध्यायच उरला आहे.

त्या अध्यायात महर्षी आत्रेय काय सांगतात ते एकदा नीट पाहावे. पृथ्वी, आप, तेज, वायू, आकाश आणि अव्यक्त ब्रह्म असे सहा धातू एकत्र आले की त्यास लोक म्हणतात आणि त्याच सहांच्या समुदायास पुरुष म्हणतात. शरीराचा आकार ही पृथ्वी, ओलावा हे जल, ऊब हे तेज, प्राण हा वायू, पोकळ्या हे आकाश, आणि अंतरात्मा हे ब्रह्म. पहिल्या पाचांवर आपण वर्गात आणि चिकित्सालयात पुष्कळ बोलतो. सहाव्याशी येऊन मात्र थबकतो. जणू तो विषय कीर्तनकारांचा आहे. वस्तुतः हा सहावा धातू वगळला तर साम्य उरत नाही, केवळ रसायनशास्त्र उरते. जे आत आहे तेच बाहेर आहे, माझ्यात आहे तेच बेलाच्या झाडात आहे, असे मानणे ही वैद्याची उपासना होय. तिला वेगळे मंदिर लागत नाही.

पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात या दृष्टीला सर्वेश्वरवाद म्हणतात. ईश्वर आणि निसर्ग यांत भेद नाही असे मानणारा स्पिनोझा सतराव्या शतकात होऊन गेला. १६५६ साली त्याच्या समाजाने त्याला बहिष्कृत केले. आपल्याकडे त्याच्या साडेतीन शतके आधी, आपल्याच जिल्ह्यातील आपेगावच्या ज्ञानदेवांनी अमृतानुभवात जगत् हा चैतन्याचाच विलास आहे असे मांडले. जग हे अज्ञानातून निर्माण झालेला भास आहे, ही भूमिका त्यांनी मान्य केली नाही. ज्याला औषधी वनस्पतींशी रोज व्यवहार करावयाचा आहे, त्याला हा विचार विशेष जवळचा वाटावा. कारण हातातले मूळ जर भासच असेल तर ते जपण्याचे कारण काय?

ज्ञानदेवांची पैठणची कथा सर्वांना ठाऊक आहे. रेड्याच्या मुखातून वेद वदविले, इतकेच बहुतेकांच्या स्मरणात असते. पण परंपरेने सांगितलेल्या त्या कथेत आणखी एक तपशील आहे. रेड्याच्या पाठीवर मारलेल्या आसूडाचे वळ ज्ञानदेवांच्या पाठीवर उमटले. आम्हांस चमत्कारापेक्षा हे वळ अधिक मोलाचे वाटतात. सर्वांभूती एकच आत्मा आहे असे म्हणणाऱ्याची परीक्षा कोठे होते, ते ही कथा सांगते. त्याच पैठणच्या एकनाथांनी काशीहून रामेश्वरासाठी आणलेली कावड वाटेत तहानेने तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी रिकामी केली. दोन्ही कथा इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाहीत. त्या सांगणाऱ्या समाजाने अध्यात्माचे मोजमाप काय मानले, ते मात्र त्यांतून निश्चित कळते.

आता आपल्या ग्रंथांकडे वळू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ९७ वे सूक्त ओषधींचे आहे आणि परंपरेने त्याचा द्रष्टा भिषक् म्हणजे वैद्यच मानला आहे. तो ओषधींना माता म्हणतो आणि मूळ खणणाऱ्यास तसेच ज्याच्यासाठी ते खणले त्या रुग्णास अपाय होऊ नये अशी प्रार्थना करतो. खणणे हे कृत्य निरपराध नाही, याची जाणीव त्याला आहे. चरकाच्या कल्पस्थानातील पहिल्या अध्यायात औषधसंग्रहाचा विधी आहे : उपवास करून, शुचिर्भूत होऊन, शुभ्र वस्त्र नेसून, देवतांचे पूजन करून, पूर्वेस वा उत्तरेस तोंड करून वनस्पती घ्यावी. शाखा व पाने वर्षा आणि वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, पाने झडून गेल्यावर, साल, कंद आणि क्षीर शरदात, सार हेमंतात, फुले व फळे ज्या त्या ऋतूत. या विधीचा पूर्वार्ध श्रद्धा आणि उत्तरार्ध शास्त्र अशी फाळणी करण्याची आपल्याला सवय जडली आहे. आम्हांस ती मान्य नाही. उपवास करून झाडापुढे उभा राहिलेला मनुष्य गरजेपेक्षा अधिक ओरबाडणार नाही. विधीचा हा परिणाम ऋतुविचाराइतकाच व्यावहारिक आहे.

आज वनस्पती आपण घेत नाही, आपण तिची मागणी नोंदवतो. काष्ठौषधींच्या दुकानात पोती येतात. त्यांवर नाव असते, ऋतू नसतो. दशमुळाचेच पाहा. सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी, गोखरू ही लघुपंचमुळे लहान क्षुपांची. त्यांतील रिंगणी आणि गोखरू तर आपल्याकडच्या पडीक रानात सहज उगवतात. पण बेल, ऐरण, टेंटू, पाडळ, शिवण हे वृक्ष आहेत. वृक्षाचे मूळ काढणे म्हणजे बहुधा वृक्ष काढणे. श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वरापुढे बेल वाहणाऱ्यांच्या रांगा लागतात आणि त्याच बेलाच्या मुळाचे चूर्ण आपण वर्षभर विकतो. भाविकाने पान वाहिले तर झाड पुन्हा पालवते. आपल्या मागणीने पडलेले झाड पालवत नाही.

गुग्गुळाची अवस्था याहून बिकट आहे. राजस्थान आणि कच्छच्या रुक्ष भूमीत सावकाश वाढणारे हे झुडूप जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त ठरले आहे. अतिरेकी चिरा पाडलेले झाड डिंक देता देता वाळते. तरी योगराज आणि त्रिफळा गुग्गुळाशिवाय आपला एक दिवस जात नाही. सीताअशोकही संकटात आहे. त्याच्या नावाने आसुपालवाची, म्हणजे आपल्या वसाहतींच्या कुंपणाशी उभ्या असलेल्या खोट्या अशोकाची, साल बाजारात येते हे कोणास ठाऊक नाही? यात वृक्षाचीही फसवणूक आहे आणि रुग्णेचीही. लोकपुरुषसाम्याचे इतके कटू उदाहरण दुसरे सापडणार नाही.

आमच्या काही मित्रांना हे सर्व भाबडे वाटते. आयुर्वेद शास्त्र आहे, त्यात वृक्षपूजा आणू नका, असे ते म्हणतात. त्यांना आम्ही जनपदोद्ध्वंसाचा अध्याय पुन्हा वाचण्याची विनंती करतो. वायू, जल, देश आणि काल बिघडतात तेव्हा भूमी विरस होते आणि औषधींचे वीर्य ओसरते. त्यापूर्वीच त्यांचा संग्रह करा, असे आत्रेय अग्निवेशाला सांगतात. (हा उपदेश साठेबाजीचा नव्हे, हे फार्मसीचालक वाचकांस सांगावयास नकोच.) आणि त्या बिघाडाचे मूळ ते अधर्मात पाहतात. येथे शास्त्र कोठे संपते आणि श्रद्धा कोठे सुरू होते, ते आम्हांस तरी दाखविता येणार नाही.

उलट, पूजेने सर्व साधते असेही आमचे म्हणणे नाही. वटपौर्णिमेला वडाच्या फांद्या तोडून बाजारात विकल्या जातात, दसऱ्याला आपटा ओरबाडला जातो. हा आदर नव्हे. धन्वंतरीच्या तसबिरीला हार घालून त्याच दुपारी मिळेल ती साल मिळेल त्या भावाने घेणे हेही त्याच जातीचे आहे. राष्ट्रीय आयुर्वेद दिन २०१६ पासून धनत्रयोदशीला साजरा होत असे. २०२५ पासून तो २३ सप्टेंबरला नेला गेला. तारीख कोणतीही असो, आपल्या शाखांनी त्या दिवशी भाषणांऐवजी वर्षभराच्या खरेदीची वही उघडून पाहावी असे आम्ही सुचवतो.

मार्ग आहेत आणि ते ग्रंथांतच आहेत. अष्टवर्ग राजांनाही दुर्लभ झाला हे ओळखून भावमिश्राने सोळाव्या शतकातच मेदा-महामेदेऐवजी शतावरी, जीवक-ऋषभकाऐवजी विदारी, काकोली-क्षीरकाकोलीऐवजी अश्वगंधा आणि ऋद्धी-वृद्धीऐवजी वाराही सांगितली. प्रतिनिधी द्रव्य उघडपणे सांगून वापरणे आणि भेसळ करणे यांतले अंतर त्याने दाखवून दिले आहे. वृक्षाच्या मुळाऐवजी खोडाची साल किंवा कोवळ्या रोपांची मुळे चालतील काय, यावरही संशोधन झाले आहे; ते आपल्या बैठकांत चर्चेस यावे. वनस्पतींची ओळख हा त्याआधीचा भाग. मराठवाड्याच्या वाट्याला राज्यातील सर्वांत कमी जंगल आले आहे. तरीही येथे काय काय उगवते हे सांगणारा डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ हा द्विखंडात्मक ग्रंथ १९९८ साली याच शहरातून प्रसिद्ध झाला. तो आपल्या किती चिकित्सालयांत आहे? गौताळ्याच्या अभयारण्यात वर्षातून एकदा तरी, काहीही न तोडता, तो ग्रंथ घेऊन हिंडावे.

तूर्त दशमुळाची पुढील मागणी नोंदविण्यापूर्वी विक्रेत्यास तीन गोष्टी विचाराव्यात. मूळ आहे की खोडाची साल? रानातील की लागवडीचे? कोणत्या महिन्यात काढलेले? एकट्याने विचारले तर तो हसेल, कदाचित चिडेलही. शहरातील शंभर जणांनी विचारले, तर तो ही माहिती पावतीवर लिहून देऊ लागेल.