चौथा विषय कशासाठी?

दहावीचा निकाल लागला, पेढे वाटून झाले आणि आता घरोघरी पुढची चर्चा रंगली आहे. सायन्स घ्यायचे ठरले, पण ग्रुप कोणता? ज्यांना डॉक्टर व्हायचे आहे, त्यांच्यापुढचा प्रश्न आणखी नेमका असतो. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी हे तीन विषय तर घ्यावेच लागतात. गणित ठेवायचे की सोडायचे? पीसीबी की पीसीएमबी? मामा सांगतो, दोन्ही ग्रुप ठेव, सेफ असतं. क्लासचे सर सांगतात, गणित सोड, नीटवर लक्ष दे. गेल्या वर्षी बारावी झालेली चुलत बहीण तिसरेच काही सांगते. ज्याला पुढची दोन वर्षे हे विषय शिकायचे आहेत, ते पंधरा-सोळा वर्षांचे मूल बहुतेक वेळा या चर्चेत ऐकण्याचेच काम करते.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच मांडतो. किती विषय घ्यावेत, याचे एकच उत्तर सगळ्या मुलांना लागू पडत नाही. पण हा निर्णय भीतीपोटी होऊ नये, ही गोष्ट मात्र सगळ्यांना लागू आहे. गणिताची गोडी असेल तर चौथा विषय म्हणून ते जरूर ठेवावे. ‘नीट नाही निघाली तर इंजिनीअरिंग’ एवढ्याच हिशेबाने ठेवू नये आणि गणिताची धास्ती वाटते एवढ्याच कारणाने सोडूही नये.

आधी नियम पाहू, कारण निम्मी भीती नियम नीट माहीत नसल्यामुळे असते. एमबीबीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो. परीक्षा ७२० गुणांची. फिजिक्सला १८०, केमिस्ट्रीला १८० आणि बायोलॉजीला ३६०. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. २०२५ पासून प्रश्न १८० आणि मिनिटेही १८०. म्हणजे वाचून, विचार करून, उत्तर नोंदवायला सरासरी एक मिनिट. बारावीला इंग्रजी उत्तीर्ण व्हावे लागते आणि फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के, राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. या सगळ्यात गणिताचा स्वतंत्र पेपर नाही आणि बारावीच्या गणितातले गुणही कुठे धरले जात नाहीत. डॉक्टर होण्याच्या वाटेवर चौथ्या विषयाची सक्ती नाही, हे एकदा स्पष्ट असावे.

मग इतकी घरे दोन्ही ग्रुपांचा आग्रह का धरतात? त्यांची काळजी पोकळ नाही. २०२५ साली नीटला बावीस लाखांहून अधिक मुले बसली. एमबीबीएसच्या जागा देशभरात लाख-सव्वा लाखाच्या घरात आहेत. त्यातही सरकारी कॉलेजच्या फीमध्ये बसणाऱ्या जागा आणखी कमी. बहुसंख्य मुलांना दुसरी वाट लागणार, हे उघड आहे. गणित असले तर इंजिनीअरिंग, आर्किटेक्चर, एनडीएतून हवाई दल आणि नौदल, वैमानिकाचे प्रशिक्षण, संख्याशास्त्र या वाटा खुल्या राहतात. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी सायन्सला जात आहे, जिथे एक वर्ष वाया जाणे म्हणजे एका हंगामाची कमाई जाणे आहे, तिथे दुसऱ्या वाटेची किंमत मोठी असते. त्या पालकांना ‘मुलांवर ओझे लादू नका’ असे सांगणे सोपे आहे. त्यांची अडचण समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

पण चारही विषय पेलायचे म्हणजे काय, हे बारावीच्या वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवून पाहावे. जानेवारीत जेईई मेनचे पहिले सत्र. फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, त्याआधी प्रॅक्टिकल. एप्रिलमध्ये जेईईचे दुसरे सत्र. त्याच सुमारास एमएचटी-सीईटी, तीही पीसीएम आणि पीसीबी ग्रुपांची वेगवेगळी. आणि मेच्या पहिल्या आठवड्यात नीट. या परीक्षांचे स्वभावही वेगळे आहेत. नीटचे निम्मे गुण बायोलॉजीचे. तिथे पुस्तकातले वाक्य न् वाक्य नजरेखालून जावे लागते. जेईईत एकेका गणितावर झगडावे लागते. काही मुले दोन्ही पेलतात आणि आनंदाने पेलतात. बाकीच्या अनेकांचे असे होते की, अकरावीला उत्साहाने दोन्ही ग्रुप घेतले जातात आणि बारावीच्या दिवाळीपर्यंत गणित ‘पासिंगपुरते’ उरते. अशा गणितावर इंजिनीअरिंगला बरे कॉलेज मिळत नाही आणि त्यापायी गेलेले तास बायोलॉजीला परत मिळत नाहीत. सेफ्टी म्हणून घेतलेला विषय कोणत्याच बाजूने सेफ ठरत नाही.

दुसरी वाट म्हणजे इंजिनीअरिंगच, हे गृहीतही तपासून पाहायला हवे. पीसीबीच्या मुलांना नीटमधूनच बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस आणि पशुवैद्यकाच्या वाटा आहेत. फार्मसी आणि कृषी पदवीसाठी पीसीबी ग्रुपची सीईटी चालते. नर्सिंग, मायक्रोबायोलॉजी, बायोटेक्नॉलॉजी आहेतच. संशोधनाकडे ओढा असेल तर पुण्याच्या आयसरसारख्या संस्थांसाठी चारपैकी तीन विषय शिकलेले असले तरी चालते. मात्र त्यांच्या प्रवेशपरीक्षेत बायोलॉजी, केमिस्ट्री, गणित आणि फिजिक्स या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. जीवशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या मुलाने गणित ठेवावे, असे आम्हाला वाटते ते यामुळेच. तिथे चौथा विषय पुढच्या कामाचाच भाग आहे.

आता गणित सोडणाऱ्यांविषयी. ‘मॅथ्स सोडलं की सुटलो’ ही समजूत दोन कारणांनी फसवी आहे. पहिले म्हणजे गणित विषयपत्रिकेतून गेले तरी बाकीच्या तिघांत ते बसलेले असतेच. आपल्या बोर्डाच्या अकरावीच्या फिजिक्सच्या पुस्तकात दुसरा धडाच गणिती पद्धतींचा आहे. सदिश राशी आणि कलनाची तोंडओळख त्यात येते. केमिस्ट्रीत पीएच काढायला लॉगॅरिदम लागतो. बायोलॉजीतसुद्धा मेंडेलने वाटाण्याचे दाणे हजारोंनी मोजले म्हणून तीनास एक हे प्रमाण त्याच्या हाती लागले आणि लोकसंख्येतल्या जनुकांचा हार्डी-वाइनबर्ग नियम ज्या दोघांच्या नावाने ओळखला जातो, त्यांतला हार्डी मुळात गणिती होता. नीटमध्ये पीसीबीची मुले अडखळतात ती बहुधा फिजिक्सच्या १८० गुणांपाशी, आणि त्यामागे बरेचदा कच्चे गणित असते. म्हणून ज्याने गणित सोडायचे ठरवले आहे, त्याने अकरावीच्या पहिल्या दोन महिन्यांत त्रिकोणमिती, लॉगॅरिदम, आलेख आणि सोपे कलन कोणाकडून तरी नीट समजून घ्यावे. परीक्षेचे दडपण नसलेले हे थोडेसे गणित पुढे फार उपयोगी पडते.

दुसरे कारण म्हणजे गणित सोडल्याने विषय कमी होत नाहीत. बोर्डाची गुणपत्रिका सहाशेचीच राहते; गणिताच्या जागी दुसरे काहीतरी येते. ही जागा कशाने भरायची, याचा विचार फारच थोडी घरे करतात. ‘मार्क मिळवून देणारा’ विषय शोधला जातो, त्याचे पुस्तक जानेवारीत उघडले जाते आणि परीक्षेनंतर रद्दीत जाते. पण तिथे मानसशास्त्र घेता येते, भूगोल घेता येतो, माहिती तंत्रज्ञान घेता येते. उद्या ज्याला घाबरलेल्या रुग्णाशी आणि त्याच्या नातेवाइकांशी बोलायचे आहे, त्याने सतराव्या वर्षी मानसशास्त्राचे एक पुस्तक मन लावून वाचले तर तो अभ्यास फुकट जाणार नाही. साथ कोणत्या वस्तीत, कोणत्या पाण्यावाटे पसरते हे ज्याला पुढे शिकायचे आहे, त्याला भूगोल परका नाही. चौथी जागा मोकळी आहे, ती मुलाला घडवण्यासाठी वापरावी.

डॉक्टरला गणित लागते का, या प्रश्नाचे खरे उत्तर दवाखान्यात मिळते. बारा किलो वजनाच्या तापलेल्या मुलाला किलोमागे १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल द्यायचे, म्हणजे १८० मिलिग्रॅम. समोरच्या बाटलीत पाच मिलिलिटरमध्ये १२० मिलिग्रॅम असेल तर औषध साडेसात मिलिलिटर. दुकानात दुसरीही बाटली असते, पाच मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅमची, तिच्यातून ३.६ मिलिलिटर पुरते. लेबल न पाहता दुसऱ्या बाटलीतून साडेसात मिलिलिटर दिले तर मुलाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीहून अधिक औषध जाते. हे बारावीचे गणित नाही. शाळेत शिकवलेले त्रैराशिक आहे. पण ते हातचे असावे लागते, रात्रीच्या तिसऱ्या प्रहरीसुद्धा.

याहून मोठे उदाहरण आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गावागावांतले जन्म आणि मृत्यू मोजण्यापासून काम सुरू केले. बाळाला न्यूमोनिया आहे का, हे ओळखायला मिनिटातले श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांखालच्या बाळाचे श्वास साठ किंवा त्याहून जास्त असतील तर ती धोक्याची खूण. साठपर्यंत मोजताना अडखळणाऱ्या गावच्या दायांसाठी तिथे मण्यांचे एक साधे साधन तयार झाले, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे गावातल्याच प्रशिक्षित महिलांनी घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली आणि बालमृत्यू किती घटले, याचा पुरावा १९९९ साली ‘लॅन्सेट’ने छापला. नवजात मृत्यूंमध्ये साठ टक्क्यांहून अधिक घट दाखवणाऱ्या त्या अभ्यासानंतर घरच्या घरी नवजात बालसेवेचा विचार देशाच्या धोरणात पोहोचला. मोजण्याची ही ओढ नसती तर ती बाळे कोणाच्या हिशेबातच आली नसती. चांगल्या डॉक्टरला आकड्यांची आच लागते. बारावीला गणित घेतले की ती आपोआप येते असे नाही, आणि न घेतल्याने जातेही असे नाही.

विषयांच्या संख्येचा हा पेच आपल्यापुरताच नाही. बेळगाव-निपाणीच्या मराठी घरांत पीयूसीला पीसीएमबी घेणे हीच रूढ वाट आहे. ब्रिटनमध्ये वाढणाऱ्या मराठी मुलांपुढे तीन ए-लेव्हल की चार, हाच प्रश्न असतो. तिथली वैद्यकीय महाविद्यालये सहसा तीन विषयांतल्या उत्तम श्रेणींवर प्रवेश देऊ करतात आणि चौथ्यामुळे बाकीच्या तीन विषयांतली श्रेणी घसरली तर नुकसानच होते. अधिक विषय म्हणजे अधिक हुशारी, असे कुठलेही वैद्यकीय महाविद्यालय मानत नाही.

आमची खरी चिंता मात्र वेगळी आहे. तीन की चार यावर घरात रात्री जागतात. पण घेतलेले विषय शिकवले जातील का, हे कोणी विचारत नाही. नावापुरता प्रवेश, कॉलेजात हजेरी कागदावर आणि दिवसभर क्लास, ही व्यवस्था आता सर्रास झाली आहे. लातूर-नांदेडला खोली घेऊन, मेसचा डबा खाऊन पहाटेपासून प्रश्नसंच सोडवणाऱ्या मुलांच्या कष्टांविषयी आम्हाला आदरच आहे. पण त्यांतल्या कितींनी प्रयोगशाळेत ब्युरेट हातात धरून परमँगनेटचा एकेक थेंब सोडला असेल आणि ज्या एका थेंबाने द्रावण फिकट गुलाबी होते तिथे हात थांबवला असेल? तो थेंब ओळखायला लागणारी नजर आणि संयम डॉक्टरच्या कामी येतात. प्रॅक्टिकलचे तीस गुण न करता मिळत असतील, तर विषय तीन असोत की चार, मूल उपाशीच राहते.

यात सरकारला आणि कॉलेजांना करण्यासारखे पुष्कळ आहे. २०२५-२६ पासून अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया राज्यभर लागू झाली. तिच्यासोबत विषयनिवडीचे मार्गदर्शनही प्रत्येक तालुक्यात पोहोचायला हवे. पहिल्या सत्रापर्यंत ग्रुप बदलण्याची मुभा सुलभ असावी. पीसीबीच्या मुलांना गणिताचे छोटे वर्ग कॉलेजातच मिळावेत. मानसशास्त्र, भूगोल यांसारखे विषय सायन्सच्या मुलांना फक्त मोठ्या शहरांत नव्हे, तर तालुक्याच्या गावीही घेता यावेत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखांमधल्या भिंती पाडण्याचे वचन दिले आहे. त्याची पहिली कसोटी अकरावीच्या या रकान्यात लागते.

आणि एक दिलासा, जो प्रत्येक घराला माहीत असायला हवा. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने जाहीर केले की, बारावी झाल्यानंतर अतिरिक्त विषय म्हणून बायोलॉजीसारखा आवश्यक विषय मान्यताप्राप्त बोर्डातून उत्तीर्ण होणाऱ्यांनाही नीटला बसता येईल. म्हणजे आज पीसीएम घेतलेल्या मुलीला उद्या डॉक्टर व्हावेसे वाटले तर वाट लांबेल, पण बंद होणार नाही. सोळाव्या वर्षी घेतलेला निर्णय जन्माचा नसतो, हे आता नियमानेही मान्य केले आहे.

म्हणून पालकांना आमची विनंती आहे. विषयांच्या रकान्यात खूण करण्याआधी मुलाला समोर बसवा आणि विचारा: सुट्टीत कोणी सांगितले नसताना तू कोणते पुस्तक उघडशील? उत्तर गणित असेल तर चार विषय घेऊ द्या आणि पाठीशी उभे राहा. उत्तर दुसरे असेल तर तीन घेऊ द्या आणि ते कमी आहेत असे वर्षभर सुचवत राहू नका. तीन विषय डॉक्टर होण्यासाठी लागतात. चौथा कोणता घ्यायचा, हे ठरवण्याचा पहिला हक्क तो शिकणाऱ्याचा आहे.