रॉक ऐकतो, मग डीजे का सोसत नाही?

मागच्या लग्नसराईत अकोल्याहून एक गृहस्थ त्यांच्या एकोणीस वर्षांच्या मुलाला घेऊन अमरावतीला माझ्याकडे आले. घरासमोरून वरात निघाली की मुलगा आतल्या खोलीत उशीखाली डोकं खुपसून बसायचा. डोकं ठणकायचं, कधी उलटीही व्हायची. तपासलं तर कानाचा पडदा शाबूत, रक्तदाब ठीक. वडील वैतागून म्हणाले, "डॉक्टरसाहेब, मोबाइलवर तं हा दिवसभर ते इंग्रजी धडधड आयकते. अन् दारात डीजे आला का याचं डोकं दुखते. आता तुमीच सांगा, हे दुखणं हाय का नखरा?"

दुखणं आहे. मुलाला मायग्रेन आहे आणि त्यासोबत येणारी आवाजाची असह्यताही. पण वडिलांचा प्रश्न मला वर्षानुवर्षं ऐकू येतोय. नातेवाईक विचारतात, शिक्षक विचारतात, कधी आमच्या व्यवसायातले लोकही विचारतात. मीसुद्धा पूर्वी अशा रुग्णांना "दुर्लक्ष करा, सवय होईल" असं सांगून घरी पाठवलं आहे. तो सल्ला चुकीचा होता.

आवाज म्हणजे फक्त मोठा की लहान, एवढंच आपण धरून चालतो. कान आणि मेंदू त्यात आणखी बरंच काही मोजतात. आवाज अचानक आला की अपेक्षित होता? खालच्या सुराचा की कर्कश? आणि तो बंद करणं माझ्या हातात आहे का?

आता त्या मुलाचं रॉक घ्या. गिटारचा आवाज त्यात मुद्दाम फाडलेला असतो, हे खरं. पण गिटारचे स्पीकर फार वरचे सूर आपोआप गाळतात. उरलेला खरखरीतपणा रेकॉर्डिंगवाला तोलूनमापून ठेवतो. बहुतेक रॉक गाण्यांत आवाजाची पातळी सुरुवातीपासून शेवटपर्यंत जवळपास सारखी असते आणि ठेका ठरलेला असतो. पुढचा ठोका कधी येणार हे मेंदूला आधीच कळतं, म्हणून तो दचकत नाही. शिवाय आवाजाचं बटण मुलाच्या बोटाखाली असतं. काही रुग्णांना रॉकमधल्या झांजा किंवा ड्रमचा कडक फटका टोचतो, हेही मी पाहिलंय. ते गाणं बदलतात, विषय संपतो.

वरातीतल्या गाडीवर यातलं काहीच नसतं. ॲम्प्लिफायर त्याच्या क्षमतेबाहेर पिळला की आवाजाच्या लाटेची टोकं छाटली जातात आणि त्यातून कर्कश सूर तयार होतात. नेमके २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात आपले कान सर्वांत तिखट असतात. मधेच फटाक्याची लड, मधेच भोंगा. मोठ्या आवाजाला मध्यकर्णातला एक छोटा स्नायू आवळून थोडं संरक्षण देतो, पण त्याला आवळायला क्षणभर लागतो. अचानकचा धमाका तोवर आत पोहोचलेला असतो.

आणि तो बेस! ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब असते. तिला तुमची विटांची भिंत फारशी अडवत नाही. खिडकीची तावदानं थरथरतात, छातीत धडधड जाणवते. यातली गंमत म्हणा की थट्टा, आपल्या कायद्यातला आवाज ज्या 'ए' पट्टीने मोजतात, ती ५० हर्ट्झच्या आवाजातून तब्बल ३० डेसिबल वजा करते. म्हणजे रुग्णाला जे सर्वांत जास्त छळतं, तेच मोजमापात सर्वांत कमी दिसतं.

"कापूस घाला की कानात," असं लोक सहज सांगतात. कापसाने मोजके डेसिबल कमी होतात, बेस तर जवळजवळ तसाच येतो. आणि सतत कान बंद ठेवले तर मेंदू आतूनच आवाज वाढवून घेतो आणि असह्यता आणखी वाढते. म्हणून फोमचे बोळे तेवढ्या वेळेपुरतेच घालावेत, दिवसभर नाही.

"सवय होईल" याचं उत्तर आकड्यात देतो. ८५ डेसिबलचा आवाज कानाला दिवसात ८ तास चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. डीजेच्या गाडीजवळ आवाज शंभरी सहज ओलांडतो आणि वरात दोन-दोन तास चालते. एका कानातल्या साधारण १५ हजार केसपेशींपैकी मेलेली पेशी परत उगवत नाही. तुम्हाला झालेली 'सवय' अनेकदा बहिरेपणाची सुरुवात असते. घरातल्या आजोबांना हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि मोठ्याने बोललं की "ओरडतोस कायले" म्हणतात, तोही नखरा नाही. केसपेशी गेल्यावर सहन होण्याचा पट्टाच अरुंद होतो.

२००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. रुग्णालयापासून १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर करता येतं. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद हवेत. हे सगळ्यांना माहीत आहे. आणि पोलिसांकडे बोट दाखवण्याआधी हेही कबूल करतो की आमच्याच घरच्या एका लग्नात डीजे होता. पैसे मोजताना मीही गप्प बसलो. पैसे आपण देतो, तेव्हा आवाज किती ठेवायचा हेही आपणच सांगू शकतो. बेस निम्मा करा, गाडीचं तोंड घरांकडे नको, वाटेत दवाखाना आला की पूर्ण बंद. एवढं ठरवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

त्या मुलाला मायग्रेनची औषधं सुरू केली आणि रॉक बंद करू नकोस, फक्त आवाज निम्म्याच्या खाली ठेव, असं सांगितलं. वडिलांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही.

तुमच्या घरात असं कुणी असेल तर दवाखान्यात येण्याआधी आठवडाभर वहीत नोंद करा: कोणता आवाज, किती वाजता, नंतर किती वेळ त्रास झाला, सोबत डोकेदुखी होती का, कानात शिटी वाजते का. लहान मूल असेल तर ते बोलतं कसं, इतर मुलांत मिसळतं का, हेही लिहा, कारण स्वमग्न मुलांत ही असह्यता बरेचदा आढळते. पण वरातीनंतर अचानक एका कानाने ऐकू येईनासं झालं तर नोंदी करत बसू नका. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, कान-नाक-घसा तज्ज्ञांना गाठा. उशीर झाला की औषधाचा उपयोग कमी होत जातो.