घरातील कलह आणि जगाची चाड

शेजारच्या घरात भांडण जुंपले म्हणजे आपण कानांवर हात ठेवावेत, ही आपल्या समाजाची जुनी रीत होय. घरातील गोष्टी घरातच मिटाव्यात, हे खरे. परंतु त्या भांडणातून मारहाणीचा आवाज आणि लेकरांचा आक्रोश ऐकू येऊ लागला असता जो शेजारी दाराची कडी वाजवितो, त्यास लुडबुड्या म्हणावे की धर्मज्ञ? राष्ट्रांच्या व्यवहारातही हाच प्रश्न वारंवार उपस्थित होतो. एखाद्या देशात यादवी माजली, की 'हा आमचा अंतर्गत मामला' असे तेथील सरकार बजावते, आणि बाहेरचे जग मानवी हक्कांची भाषा बोलू लागते.

कौरवसभेतील पेच याच जातीचा होता. द्रौपदीने न्याय मागितला असता, धर्माची गती सूक्ष्म आहे असे सांगून भीष्मांसारखे वडील स्वस्थ बसले. स्पष्ट बोलला तो विकर्ण. आणि तो तर दुर्योधनाचाच भाऊ! अशा समयी घरातल्याच कोणी तोंड उघडल्यावाचून बाहेरच्यांस सत्य कळत नाही.

असा एक विकर्ण आपल्या सीमेवरील बेळगावी 1928 साली एका गोमंतकीय ख्रिस्ती कुटुंबात जन्मला. अँथनी मस्करेन्हस हे त्यांचे नाव. पुढे ते कराचीत पत्रकार झाले. 25 मार्च 1971 रोजी पाकिस्तानी लष्कराने पूर्व बंगालात दडपशाहीस आरंभ केला. तेथे सर्व आलबेल आहे असे जगास दिसावे, म्हणून सरकारने एप्रिलमध्ये आठ पत्रकारांस तिकडे नेले. सात जणांनी सांगितले तसे लिहिले. मस्करेन्हस यांनी कोमिल्ला येथे लष्करी अधिकारी संहाराच्या गोष्टी किती निःसंकोचपणे बोलतात, हे ऐकले होते. त्यांच्याने खोटे लिहवेना. आजारी बहिणीस भेटण्याच्या निमित्ताने त्यांनी लंडन गाठले, 'संडे टाइम्स'च्या संपादकांस सर्व वृत्तान्त सांगितला आणि पत्नी व पाच मुले देशाबाहेर काढण्यासाठी ते माघारी गेले. कुटुंब सुखरूप निघाल्यावर स्वतः सरहद्द ओलांडून अफगाणिस्तानात उतरले. 13 जून 1971 रोजी 'वंशसंहार' या अर्थाच्या एकाच शब्दाच्या मथळ्याखाली त्यांचा लेख प्रसिद्ध झाला, आणि जगाची झोप उडाली.

तोपर्यंत लाखो निर्वासित भारतात आले होते. पुढे ही संख्या सुमारे एक कोटीवर गेली. आम्ही त्या वेळी शाळकरी होतो, आणि वाशीम अकोला जिल्ह्यात होते. त्या नोव्हेंबरपासून शरणार्थ्यांच्या साहाय्यार्थ पाकिटावर 5 पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. परक्या देशाचा तो 'अंतर्गत मामला' अशा रीतीने वऱ्हाडातील घराघरांत पोचला होता. यादवीची झळ सीमेशी थांबत नाही, हे यावरून उघड होते.

कायद्याचेही म्हणणे हेच. 12 ऑगस्ट 1949 रोजी झालेल्या चारही जिनीव्हा करारांतील तिसरे कलम खास अंतर्गत युद्धासाठीच आहे. शस्त्र खाली ठेवलेला, जखमी, आजारी अथवा लढाईत भागच न घेतलेला मनुष्य, कोणत्याही पक्षाचा असो, माणुसकीनेच वागविला पाहिजे; त्याचा वध, छळ किंवा ओलीस म्हणून वापर करता येत नाही. पाकिस्तानानेही हे करार मान्य केले होते. तरीही सत्तेची गणिते आड आली. ढाक्यातील अमेरिकेचे वकील आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारच्या मौनाविरुद्ध तार केली. फलस्वरूप त्यांचीच तेथून उचलबांगडी झाली.

म्हणून जगाची चाड खरी की दिखाऊ, हे ओळखण्याच्या दोन कसोट्या आम्ही सुज्ञ वाचकांपुढे ठेवतो. पहिली अशी, की ती दोन्हीकडच्या पीडितांसाठी बोलते काय? बंगाली जमावांनी बिहारी मुसलमानांची केलेली कत्तलही मस्करेन्हस यांनी त्याच लेखात नमूद केली; म्हणूनच त्यांच्या साक्षीस वजन आले. दुसरी कसोटी अधिक कठीण. दुसऱ्याच्या घरास लावलेला नियम आपण आपल्या घरास लावतो काय? अंतर्गत युद्धाविषयीचे नियम विस्ताराने सांगणारा पूरक करार 1977 साली झाला. त्यात आपला भारत सामील झालेला नाही. ज्या देशाने 1971 साली जगाची दारे ठोठावली, त्याने हे अंतर राखावे, याचा विचार आपल्या घरोघरी व्हावा, असे आम्हांस वाटते. परक्याच्या अंगणातला अन्याय पाहण्यास डोळे पुरतात. स्वतःच्या अंगणातला पाहण्यास धैर्य लागते.