झाड लावणारे आणि झाड जगवणारे

आम्हा गोंयकारांना वनमहोत्सव नवा नाही. रोपे लावतात, फोटो निघतात; पुढच्या पावसाळ्यात त्याच खड्ड्यात नवे रोप! अशा वेळी मला तेलंगणातील आदिलाबाद जिल्ह्यातले तामसी आठवते. महाराष्ट्राच्या सीमेजवळचा हा भाग. इथे मराठीही कानी पडते. तेलंगणाच्या २०१८ च्या पंचायत कायद्याने गावाची रोपवाटिका सांभाळणे आणि लावलेल्या रोपांपैकी ८५ टक्के जगवणे ही जबाबदारी ग्रामपंचायतीवर टाकली. कुचराई झाली तर सरपंचपदावरही गदा येऊ शकते. टक्केवारी कागदावर फुगवता येते, हे मान्य. पण रोप मेले तर जाब कोणाला विचारायचा, एवढे तरी तिथे ठरले आहे. आमच्या वृक्षप्रेमी संस्थांनीही आपल्या नावाची पाटी रोप लावताना नव्हे, त्याने तीन उन्हाळे काढल्यावर लावावी. पाट्या कमी होतील, सावली वाढेल.