पोट भरलेल्यांचा आजार?

गेल्या महिन्यात आमच्या जिल्ह्याच्या अभ्यासशिबिरात चहाच्या वेळी एका तरुण कार्यकर्त्याचा विषय निघाला. हा मुलगा दोन वर्षे बांधकाम मजुरांच्या नोंदणीचे काम झपाटल्यासारखा करीत होता आणि आता तीन महिने घराबाहेर पडलेला नाही. डॉक्टरांनी त्याला नैराश्याचा आजार असल्याचे सांगितले आहे. त्यावर एक ज्येष्ठ साथी म्हणाले, “अरे, हे पोट भरलेल्यांचे आजार. गिरणीत रात्रपाळी करणाऱ्या माणसाला निराश व्हायला सवड होती का?” सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची लाज वाटून हा लेख लिहीत आहे; कारण गेली एकोणीस वर्षे मी स्वतः या आजाराबरोबर राहत आहे, आणि चळवळीतील तीन-चार माणसांपलीकडे ही गोष्ट मी कोणालाही सांगितलेली नाही.

ज्येष्ठ साथींविषयी माझ्या मनात आदर आहे. त्यांनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेले नाही. म्हणूनच त्यांचे विधान थट्टा म्हणून सोडून देता येत नाही, ते तपासलेच पाहिजे. समाजवादी कार्यकर्त्याच्या तोंडून निघालेले विधान वस्तुस्थितीशी ताडून पाहावे, ही शिकवण त्यांनीच आम्हांला दिली आहे.

वस्तुस्थिती काय सांगते? व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचे एक गाव आहे. तेथील कापडगिरणी १९२९-३० च्या सुमारास बंद पडली आणि जवळजवळ सारे गाव बेकार झाले. मारी याहोदा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झायझेल हे तरुण समाजवादी संशोधक गावात गेले. लाझार्सफेल्डला आरंभी कामगारांच्या फुरसतीचा अभ्यास करायचा होता. ऑस्ट्रियातील समाजवादी नेते ओटो बावर यांनी त्याला सुनावले की, बेकारीच्या काळात फुरसतीचा अभ्यास हा शुद्ध मूर्खपणा आहे. या मंडळींनी १९३३ साली जे पुस्तक प्रसिद्ध केले, ते आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले जावे असे आहे. बेकारीतून संताप पेटेल, संतापातून संघटना उभी राहील, अशी तेव्हा अनेकांची अपेक्षा होती. गावात आढळले ते उलटेच. कामगारांच्या ग्रंथालयाची वर्गणी माफ केली, तरी पुस्तके नेणे जवळपास निम्म्यावर आले. पुरुष रस्त्याने चालताना पुन्हा पुन्हा थांबत. संशोधकांनी घड्याळ लावून त्यांच्या चालण्याचा वेग मोजला होता. सकाळपासून दुपारपर्यंत काय केले, हे अनेकांना सांगता येईना. वेळ भरपूर होता आणि त्याचे काही करण्याची शक्तीच उरली नव्हती. पुढे १९३६ साली याहोदाबाईंना भूमिगत समाजवादी कार्यासाठी अटक झाली आणि नंतर त्यांना देश सोडावा लागला. तेव्हा हा निष्कर्ष कोणा भांडवलदाराच्या भाडोत्री पंडिताचा आहे, असे म्हणण्याची सोय नाही.

आता आपल्या गिरणगावाकडे वळू. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्या संपावर आपण किती लिहिले! वेतन, बोनस, मालकांची नियत, पुढे गिरण्यांच्या जमिनी. परंतु काम गेल्यावर चाळीच्या गॅलरीत दिवसच्या दिवस भिंतीकडे तोंड करून बसलेला माणूस आपल्या किती लेखांत आला? तो दारूच्या संदर्भात आला, पोरे बिघडल्याच्या संदर्भात आला. तो आजारी असेल, अशी शंकाही आम्हांला शिवली नाही. रात्रपाळी करणाऱ्याला सवड नव्हती हे खरे मानले, तरी पाळी बंद झाल्यावर त्याला जी सवड मिळाली, तिचे काय झाले?

आणि त्याच्या घरातील बाईचे? जॉर्ज ब्राऊन आणि टिरिल हॅरिस यांनी दक्षिण लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांचा अभ्यास करून १९७८ साली दाखवून दिले की, घरात लहान मुले असलेल्या कामगारवर्गीय स्त्रियांमध्ये नैराश्याचे प्रमाण मध्यमवर्गीय स्त्रियांहून कितीतरी अधिक असते. लहानपणी आईला अंतरणे, पदरात तीन किंवा अधिक लहान मुले, घराबाहेर काम नसणे, आणि मन मोकळे करावे असे एकही माणूस नसणे, या चार गोष्टी त्यांना कळीच्या आढळल्या. आपल्या वस्तीतली बाई ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणणार नाही. ती म्हणेल, डोके जड झाले आहे, हातापायांत जीव नाही, कशात मन लागत नाही. तिला ताकदीचे इंजेक्शन टोचून परत पाठवले जाते.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत रोजंदारीवरील मजूर २६.४ टक्के होते. राज्यांमध्ये सर्वाधिक आत्महत्या महाराष्ट्रात झाल्या. प्रत्येक आत्महत्या नैराश्यातूनच होते असे नाही, हे मी जाणतो. परंतु ‘पोट भरलेल्यांचा आजार’ म्हणणाऱ्याने हे आकडे एकदा समोर ठेवून पुन्हा तेच वाक्य उच्चारून पाहावे.

दुसरा आक्षेप अधिक सुशिक्षित आहे आणि म्हणून अधिक घातक आहे. तो असा की, नैराश्य हे शोषणव्यवस्थेचे अपत्य आहे. व्यवस्था बदलली की ते जाईल. तोवर गोळ्या देणे म्हणजे असंतोषाला गुंगी आणणे होय. ऐकायला हे क्रांतिकारक वाटते. परंतु क्षयरोगही दारिद्र्याचे अपत्य आहे. कोंदट खोली, अपुरे अन्न, कारखान्यातली धूळ यांतून तो फोफावतो, हे आपण शंभर वेळा सांगितले. म्हणून क्षयाच्या रुग्णाला ‘क्रांतीपर्यंत थांब’ असे आपण कधी सांगितले काय? उलट सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळालेच पाहिजे, यासाठी आपण मोर्चे काढले. फुप्फुसाला जो न्याय, तो मनाला का नाही?

उलट बाजूचे लोकही साधे नाहीत. कंत्राटी कामगारांना बारा-बारा तास राबवणारी कंपनी वर्षातून एकदा ताणमुक्तीचे व्याख्यान ठेवते आणि प्रसन्न राहण्याची जबाबदारी कामगारावर टाकून मोकळी होते. शासनाने २०१५ साली विदर्भ-मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांत शेतकऱ्यांच्या समुपदेशनासाठी ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला. समुपदेशनाला माझा विरोध नाही. मात्र कापसाच्या भावाचा प्रश्न समुपदेशकाच्या टेबलावर सरकवून देण्याला आहे. नैराश्य म्हणजे मेंदूतील एका रसायनाची तूट, ही सोपी कथाही आता शास्त्रज्ञांनाच पुरेशी वाटत नाही. तरीही मध्यम आणि तीव्र आजारात औषधांनी अनेकांना आराम पडतो, हे तितकेच खरे. कारण सामाजिक आहे म्हणून उपचार निरर्थक ठरत नाही, आणि उपचार लागू पडतो म्हणून कारणे पुसली जात नाहीत. द्वंद्ववादावर तास-तास बोलणाऱ्या आपल्याला एवढे समजायला हरकत नसावी.

आता थोडे स्वतःविषयी. ते लिहिताना संकोच होतो. परंतु ज्यांनी हा आजार पाहिलेला नाही त्यांना तो बाहेरून कसा दिसतो आणि आतून कसा असतो, यांतील अंतर कळल्याखेरीज वरील युक्तिवाद पुस्तकीच राहील.

माझ्याकडे तो रडत येत नाही. पहिली खूण म्हणजे वर्तमानपत्राची घडी न मोडता पडून राहते. मग पहाटे साडेतीनला जाग येऊ लागते. सकाळ सर्वांत वाईट. अंघोळीला उठणे हे सभेला दोनशे माणसे जमवण्याहून अवघड वाटते. संध्याकाळकडे जरा उजाडल्यासारखे होते. आपल्या बैठका संध्याकाळी असतात. त्यामुळे मला पाहणारा साथी म्हणतो, “काल तर चांगला बोलत होतास, मग आज सकाळी निदर्शनाला का आला नाहीस?” त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो आणि माझ्याजवळ उत्तर नसते. हा दिवसाचा चढउतार आजाराचाच भाग आहे, हे मला स्वतःला कळायला सहा वर्षे लागली.

कार्यकर्त्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडते. आजार त्याच्याशी त्याच्याच विचारसरणीच्या भाषेत बोलतो. तू फुकट खातोस, मजूर उन्हात आहेत आणि तू अंथरुणात आहेस, तुझी निष्ठा पहिल्यापासून नकली होती. आपण याला आत्मटीका समजतो. वस्तुतः तो तापातला भ्रम असतो. अशा वेळी बाहेरून एखादा वडीलधारा येऊन ‘कामात झोकून दे, सगळे विसरशील’ असे म्हणाला की आतला तो आवाज दुप्पट होतो.

आणि मग चांगले दिवस येतात. ते अधिक फसवे असतात, हे कोणी सांगत नाही. बरे वाटू लागताच मी गेल्या महिन्यांची थकबाकी फेडायला निघत असे; तीन समित्या स्वीकारायच्या, रात्री पत्रके लिहायची, आणि आता कशाला हव्यात म्हणून गोळ्या बंद करायच्या. दोनदा असे केले आणि दोनदा पहिल्याहून खोल गेलो. गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी अधिक, लागतात आणि बरे वाटल्यानंतरही ती काही महिने तरी चालू ठेवावी लागते, ही साधी गोष्ट मला तिसऱ्या खेपेला एका डॉक्टरने कागदावर रेघ काढून समजावली. रेघ वर जाई, खाली येई, पुन्हा वर जाई. पण एकूण चढती होती. त्या काळात आमच्या कार्यालयातील हजेरीपुस्तकात माझ्या नावापुढे ‘निष्क्रिय’ असा शेरा आहे. तो मी अजून जपून ठेवला आहे!

साने गुरुजींचे नाव येथे घेताना मी अडखळतो. ११ जून १९५० रोजी त्यांनी आपले जीवन स्वतःच्या हाताने संपवले. त्यांना कोणता आजार होता, हे ठरवण्याचा अधिकार आज कोणालाही नाही आणि तो मी घेत नाही. माझे म्हणणे आपल्याविषयी आहे. ज्या माणसाने १९४७ साली पंढरपूरच्या मंदिरासाठी प्राण पणाला लावले, त्याच्या अंताविषयी ‘हळवे हृदय’ या दोन शब्दांपलीकडे आपण कधी बोललो नाही. हळवेपणाची पूजा केली की चौकशी करावी लागत नाही. गेलेल्याला हळवा म्हणायचे आणि जिवंत असलेल्याला दुबळा, ही आपली जुनी खोड आहे.

मग करायचे काय? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा, म्हणजे गिरणी संपाच्याच वर्षाचा. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात असे आढळले की नैराश्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ८५ उपचारांपर्यंत पोचतच नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने ही सेवा मिळणे हा हक्क ठरवला. आवश्यक यादीतील औषधे ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीपासून वर विनामूल्य मिळाली पाहिजेत, आणि किमान सेवा उपलब्ध नसेल तर त्याच जिल्ह्यात अन्यत्र घेतलेल्या उपचारांचा खर्च शासनाने सोसला पाहिजे, असे त्यात लिहिले आहे. आपल्यापैकी किती जणांनी तालुक्याच्या रुग्णालयात जाऊन या औषधांचा साठा विचारला? रेशनच्या दुकानात साठ्याचा फलक तपासणारे आपण!

तज्ज्ञ डॉक्टर लाखामागे एकही नाही, ही सबब पुरेशी नाही. अमरावती जिल्ह्यातील तीस खेड्यांत गावातल्याच माणसांना शिकवून जे काम झाले, त्यामुळे उपचार घेणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांतही शिकवून तयार केलेले सामान्य समुपदेशक उपयोगी पडतात, हे सिद्ध झाले आहे. मात्र हे काम उद्या आशाताईंच्या मानधनावर आणखी एक ओझे म्हणून लादले जाणार असेल, तर त्यांच्या वेतनाची मागणी याच मागणीपत्रात घातली पाहिजे.

आणि पक्षाने? पूर्णवेळ कार्यकर्त्याला काविळीत रजा मिळते तशीच या आजारात मिळावी, त्याचे काम दुसऱ्याने सांभाळावे, परतल्यावर त्याला अर्धेच काम द्यावे, आणि एका साथीने आठवड्यातून एकदा उपदेश न करता त्याच्या घरी जाऊन बसावे. जीव नकोसा झाल्याचे कोणी बोलला तर त्याला एकटे सोडू नये, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. शासनाच्या ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा क्रमांक कार्यालयाच्या भिंतीवर लिहून ठेवावा. येत्या जिल्हा कार्यकारिणीत हा ठराव मी मांडणार आहे.

त्या मुलाकडे मी गेल्या रविवारी जाऊन आलो. तासभर बसलो, तो फारसे बोलला नाही. निघताना त्याने एवढेच विचारले की, मजुरांचे नोंदणीचे अर्ज आता कोणाकडे आहेत. ते माझ्याकडे आहेत आणि सुरक्षित आहेत, असे मी सांगितले. या रविवारी मी पुन्हा जाणार आहे. ज्येष्ठ साथींनी माझ्याबरोबर यावे, अशी त्यांना विनंती आहे.