व्रण झाकायचे की सांगायचे?



मागच्या रविवारी कोल्हापुरातल्या एका विहारात वंदना आटोपली आणि एक ताई आम्हाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, पोरीला बघायला पाव्हणं येणार हाईत. तिच्या हाताचं काय करू?" मुलीच्या हातावर जुने, पांढरट व्रण. बारावीच्या वर्षी तिने स्वतःच करून घेतलेले. आम्ही पटकन बोलून गेलो, "लांब बाह्यांचं ब्लाऊज शिवा की!" मुलगी मागेच उभी होती. म्हणाली, "काका, चार वर्षं तेच घालतेय. मे महिन्यातसुद्धा." आम्ही खजील झालो.

तिला अजून तसे वाटते का, हे आम्ही आधी विचारायला हवे होते. आता वाटत नाही, म्हणाली. कुणाला वाटलेच, तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत फुकट बोलता येते. सी.पी.आर. मध्येही मानसोपचाराचे डॉक्टर आहेत. पोलीस केस होईल म्हणून आईबाप पोरांना दवाखान्यात नेत नाहीत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाच्या उपचाराची जबाबदारी सरकारवर टाकली, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाचे जुने ३०९ कलम राहिलेले नाही.

ताईंनी लेसरसाठी बचत गटाचे कर्ज काढायचे ठरवले होते. लेसरने व्रण फिका होतो, पुसला जात नाही, आणि एका खेपेत भागतही नाही. सिलिकॉन जेल त्यापेक्षा स्वस्त; पण रोज लावून दोन-तीन महिने धीर धरावा लागतो, आणि जुन्या व्रणाला गुण कमीच. कातडीच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय काहीच नको. गोरे करणारी मलमे तर नकोतच. काहींत स्टेरॉईड असते, त्याने कातडी पातळ होते.

आम्ही त्यांना थेरीगाथेतल्या सीहा थेरीविषयी सांगितले. जीव द्यायला निघालेली ती भिक्खुणी मागे फिरली, आणि ती अवस्था तिने आपल्या गाथेत उघड सांगितली. संघाने ती गाथा वगळली नाही, जपली.

मुलगी म्हणाली, "जेल लावून बघीन. कर्ज नको. आणि मुलाला मीच सांगणार. बैठकीत नाही, दोघं बोलू तेव्हा." ताई हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. पाव्हणे येत्या रविवारी यायचे आहेत. ब्लाऊज कोणते घालायचे, ते अजून ठरलेले नाही.